सवयीचा परवाना

माझी आई उसाच्या खुरपणीला निघायची तेव्हा तिच्या डोक्यावरच्या पाटीत भाकरीचं फडकं, खुरपं आणि मी, एवढं असायचं. शेताच्या कडेला बाभळीला झोळी बांधायची, मला तीत टाकायचं, आणि कनवटीची बारीक डबी काढून मोहरीएवढी काळी गोळी दुधाच्या बोटाने माझ्या जिभेवर चोळायची. मग मी दुपारपर्यंत हूं की चूं करायचो नाही. ही गोळी अफूची. सगळ्याच बाया ती देत. पोर रडलं आणि बाई पाजायला बसली, की मुकादम तिचा अर्धा दिवस कापायचा. पोर निजलेलं असेल तर कापायला त्याला काही सापडायचं नाही.

अफू चोरून आणावी लागत नसे. कोपरगावला तिचं रीतसर दुकान होतं, ठेकेदाराचं, पण पाटी सरकारची. बाजाराच्या दिवशी मीठ-मिरचीबरोबर बाया तीही आणत. हे मी लाजत सांगत नाही. मी अफू चाटून वाढलो आणि पुढे पुण्याला जाऊन बी.ए. झालो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

माझ्या पाठची बहीण मात्र त्या गोळीने गेली. तिला खोकला झाला होता, सकाळपासून किरकिरत होती. आईने एक गोळी दिली, ती लागू पडली नाही असं वाटून वर दुसरी दिली. दुपारी बाया भाकरी खायला बसल्या तेव्हा शेजारची म्हातारी झोळीपाशी गेली आणि तिनेच पोरीला बाहेर काढलं. आई रडली नाही, असं मला पुढे त्या म्हातारीनेच सांगितलं. ती उठली, बांधावरून चालत पाटापर्यंत गेली आणि डबी पाटात भिरकावून आली. त्या दिवसानंतर आमच्या घरात अफू आली नाही. माझ्या धाकट्या भावाला तिने पाठीशी बांधून खुरपणी केली. मुकादम काय कापायचं ते कापत राहिला.

वडील पाटकरी होते. पुणतांब्याच्या बाजूला गोदावरीच्या पाटाची एक चारी त्यांच्याकडे होती. चारीचं दार उघडायचं, पाळीप्रमाणे एकेकाच्या शेतात पाणी सोडायचं, पाळी संपली की मोडायचं. नोकरी कायम नव्हती. पाट बंद झाला की तेही उसाच्या तोडणीला जात. त्यांना लिहिता-वाचता येत नसे. कुणाची पाळी केव्हा संपली हे ते सांगत आणि लोक ऐकत. उन्हाळ्यात पाण्यावरून कुऱ्हाडी निघत, तेव्हाही आमच्या चारीवर वडिलांनी 'झाली तुजी' म्हटलं की माणूस बडबडत का होईना आपल्या शेताकडे पाणी वळवणारा बांध मोडायचा. त्यांच्या या शब्दाखेरीज घराला इस्टेट म्हणावी अशी नव्हती.

अशा घरातून मी शिकलो. गावची शाळा, मग कोपरगावची इंग्रजी शाळा, मग पुण्यात वार लावून जेवणं आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासणं. माझ्या आधी घरात कुणी चौथीसुद्धा झालं नव्हतं. कुणी विचारलं तर मी ही गोष्ट मान ताठ करूनच सांगतो, कारण त्यातली अर्धी मान आईची आहे.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षीची ही हकिगत. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्गात होतो. आईला लहानपणापासून मिशरीची सवय. तंबाखू तव्यावर जाळायची, बारीक करायची आणि सकाळ-संध्याकाळ दात घासायच्या निमित्ताने तासभर गालात धरायची. त्याच गालात आतून एक फोड आला. तिने तो पदराआड लपवला. मी दिवाळीला घरी आलो तेव्हा ती एका बाजूने जेवत होती. विचारलं तर दाढ दुखते म्हणाली. मी परत गेलो, आणि पुढच्या महिन्यांत दाढेचं दुखणं जबड्यात उतरलं, कानापर्यंत चढलं. गावच्या वैदूने लेप दिले. शेवटी तोच वडिलांना म्हणाला, आता अफूशिवाय हिला निजता यायचं नाही.

आई तयार नव्हती. वडिलांनी किती दिवस मनधरणी केली ते मला माहीत नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की एका दुपारी ती स्वतःच भिंतीला डोकं टेकून म्हणाली, आणा. अट एकच, की डबी आपल्या कनवटीला ठेवायची नाही. गोळी वडिलांनी द्यायची, वडिलांच्या हातून घ्यायची.

गोळीने तिला आराम पडला. ती आंबील पिऊ लागली, अंगणात बसू लागली. आणि तेवढ्यात सरकारने अफूचं दुकान बंद करायला काढलं. दारूबंदीचे दिवस होते, तिच्याबरोबर अफूबंदीही आली. आबकारी खात्याने दवंडी दिली की यापुढे परवाना असेल त्यालाच अफू मिळेल. परवाने दोन तऱ्हेचे होते. ज्याला जुनं व्यसन आहे त्याला सवयीचा परवाना. त्यावर माल मिळायचा, पण दर थोड्या महिन्यांनी कमी कमी होत जायचा, म्हणजे सवय हळूहळू सुटावी. आणि ज्याला दुखण्यासाठी हवी त्याला औषधाचा परवाना. त्यात डॉक्टर लिहील तितकी मिळायची, पण त्याला मोठ्या डॉक्टरचा दाखला लागायचा. कायदा असा सरळ होता. गावाला मात्र त्यातलं एकच कळलं: सवय सांगितली तर तालुक्यालाच काम होतं, दुखणं सांगितलं तर नगर गाठावं लागतं.

गावात एक खरोखरचा अफूबाज म्हातारा होता. या विषयात त्याचा शब्द शेवटचा. तो कोपरगावच्या गाडीत बसता बसता परवान्याला निघालेल्या सगळ्यांना शिकवत होता, की जितकी जुनी सांगाल तितकी जास्ती लिहितील. आपल्याकडे सरकारी कचेरीत जमीन, वय, पीक काहीही सांगताना माणूस दोन बोटं इकडेतिकडे करतोच. त्यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. वडिलांनी कचेरीत सांगितलं, बायकोला लग्नापासून सवय आहे. पोलीस पाटलांनी पंच म्हणून सही ठोकली. परवाना हातात आला. वाचून कुणी पाहिला नाही, कारण वाचणारा पुण्यात होता.

परीक्षा देऊन मी घरी आलो तेव्हा माल एकदा कमी झाला होता आणि दुसऱ्यांदा होण्याची वेळ आली होती. आईचा गाल बाहेरून काळसर दिसत होता. वडील एकेका गोळीचे नखाने दोन भाग करत होते. मला हे कोडंच वाटलं. दुखणं वाढतंय आणि औषध कमी होतंय, हा कुठला डॉक्टर? वडील म्हणाले, डॉक्टर न्हाई, परवाना हाय, आणि तो कोनाड्यातून काढून दिला.

"वाच," आई म्हणाली. तिला बोलायला त्रास होत होता, म्हणून ती तुटक बोलायची. पण आधीही ती फार लांब बोलणारी नव्हतीच.

मी वाचलं. गाव, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, वडिलांचा अंगठा, आणि मग कारणाच्या जागी: जुने व्यसन, विवाहापासून.

आईने मला परत वाचायला लावलं. मग ती वडिलांकडे बघत राहिली. वडील पटकाच नीट करत बसले.

"हे माज्या नावापुढं हाय तवर," ती म्हणाली, "मी गोळीला हात लावायची न्हाई."

वडील म्हणाले, अगं, कागुदावर काय का असंना, गोळी तर मिळती. तिने पदर गालावरून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी वडिलांनी अर्धी गोळी पुढे केली तेव्हा तिने त्यांचा हात बाजूला सारला. दुसऱ्या दिवशीही सारला. ती ओरडत नव्हती. तिचं कण्हणं मात्र दारातून ऐकू यायचं, आणि शेजारच्या बाया जात्यावर बसायच्या आधी आमच्या दाराशी थबकायच्या.

मी तिला समजवायला गेलो नाही. समजवण्यासारखं ती काही चूक बोलत नव्हती. जिने एका लेकीपायी आयुष्यभर अफूला घरात येऊ दिलं नाही, तिला सरकारच्या दप्तरात अफूबाज म्हणून ठेवायचं, हे मला शिकल्यासवरल्या माणसाला मान्य कसं व्हावं? मी म्हटलं, आई, मी हे पुसून आणतो. ती म्हणाली, बघू.

पुणतांब्याहून आम्ही आगगाडीने नगरला गेलो. धाकटा भाऊ तिला टेकू देऊन बसला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचा गाल बघितला, जबड्याखाली चाचपलं, आणि मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, की हा कर्करोग आहे आणि कापण्याची वेळ गेली आहे. मला हा माणूस आवडला. उगाच आशा लावली नाही की हातही झटकले नाहीत. म्हणाले, यापुढे दुखणं कमी करणं हेच औषध, आणि ते पुरेपूर द्यायला हवं. त्या दुपारी त्यांनी तिला एक सुई दिली. ती मॉर्फियाची, म्हणजे अफूच्याच कुळातली. तिचं कपाट कुलुपात, आणि किल्ली त्यांच्या स्वतःच्या खिशात. आई बऱ्याच दिवसांनी निजली. मी विचारलं, ही सुई गावात मिळेल का? ते म्हणाले, ही इथेच द्यायची असा कायदा आहे, आणि मला तो बरोबर वाटतो. पण गोळी घरी देता येते. त्यांनी दाखला लिहिला: रोज किती, दुखणं वाढलं तर किती वाढवायची, आणि शिक्का मारला.

दवाखान्यातल्या सुईला आईने नाही म्हटलं नव्हतं. तिला दुखण्याशी भांडायचं नव्हतंच. घरी येताना गाडीत ती मला म्हणाली, त्यांनी सवय इच्यारली न्हाई. दुखतं का इच्यारलं.

दाखला घेऊन मी तडक कोपरगावला गेलो. आबकारीचे इन्स्पेक्टर खाकी कोटातले, जाडसर, सायकलवर फिरणारे गृहस्थ होते. मी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. त्यांनी मराठीत उत्तर दिलं.

ते म्हणाले, बाईंचं नाव व्यसनी लोकांत आधीच नोंदलेलं आहे. एका माणसाला दोन परवाने मिळत नाहीत. मी म्हणालो, मग पहिला रद्द करा, तो चुकीचा आहे.

"चुकीचा म्हणजे कुणाची चूक?" त्यांनी विचारलं. "माझ्याकडे रोज कुणीतरी येतं आणि सांगतं, मी व्यसनी नाही, मला दुखतं. माल कमी व्हायला लागला की सगळ्यांनाच दुखायला लागतं. तुमच्या वडिलांनी तर दुखतं असं सांगितलंसुद्धा नव्हतं."

मी डॉक्टरांचा दाखला पुढे सरकवला. तो त्यांनी नीट वाचला आणि खरा आहे असंही म्हणाले. पण कर्करोग आहे म्हणून व्यसन नव्हतं असं होत नाही; दोन्ही एका माणसात असू शकतं. व्यसन नव्हतं असं म्हणायचं असेल, तर जबाब देणाऱ्याने तो खोटा होता असं चावडीत, पंचांसमोर कबूल करायला हवं. आणि खोट्या जबाबाला शिक्षा आहे. "वडिलांना विचारा," ते म्हणाले. "पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या गावी येतो आहे."

मला राग आला होता, पण घरी परतताना तो निवळला. या माणसाचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. माझ्या बहिणीच्या वेळेला असा एखादा जाडसर माणूस दुकानाच्या दारात उभा असता तर ती आज नांदत असती. कायदा हवाच होता. दुखणाऱ्या माणसासाठी त्यात जागाही ठेवलेली होती. आम्ही आपल्या हाताने आईला भलत्या जागी बसवून आलो होतो, आणि आता आपल्या तोंडानेच तिला तिथून उठवायचं होतं.

वडील चारीच्या दारापाशी होते. पाळी चालू होती. मी सगळं सांगितलं. ते पाण्याकडे बघत ऐकत राहिले.

"म्या खोटं बोललो असं चावडीत सांगू?"

"सांगावं लागंल."

"तू शिकलास. तुजं खरं-खोटं कागदावर ऱ्हातं," ते म्हणाले. "माज्यापाशी कागुद न्हाई, घड्याळ न्हाई. माज्यापाशी तोंड हाय. उद्या एखादा म्हनला, पाटकरी सरकारासमोर खोटं बोलतो, मग माजी पाळी मोडताना खरं कशावरनं, तर मी काय सांगू?"

मला त्यांची भीती कळत होती. त्यांना शिक्षेचं काही वाटत नव्हतं. ज्या शब्दावर आमचं घर उभं राहिलं तोच शब्द त्यांना पणाला लावावा लागणार होता. पण मी स्पष्ट बोलायला शिकलो होतो, तेही त्यांच्याकडूनच.

"आईचं तर तोंडच नासत चाललंय, बाबा," मी म्हणालो.

पाळी संपली, त्यांनी वाकून दार पाडलं, आणि पलीकडच्या बांधावरच्या माणसाला नेहमीच्याच आवाजात सांगितलं, झाली तुजी.

मधल्या दिवसांत पोलीस पाटील घरी येऊन गेले. त्यांना आपल्या सहीची काळजी लागली होती. सुपारी कातरत म्हणाले, बी.ए. झालात म्हणून गावाला गोत्यात आणू नका. आणि अफूची एवढी लाज वाटायला लागली असेल तर आठवण ठेवा, झोळीत असताना तुम्हीही तीच चाटली आहे. मी म्हणालो, व्हय, म्हणूनच तर मला तिची चव माहीत आहे. पण झोळीत मला विचारून ती कुणी चाटवली नव्हती. पाटील हसले, पण सुपारी न खाताच गेले.

इन्स्पेक्टर सांगितल्या दिवशी आले. चावडीत सतरंजी टाकली होती. पाटील, वडील, मी, आणि परवान्याची भानगड म्हणून जमलेलं निम्मं गाव. तो अफूबाज म्हातारा खांबाला टेकून पुढेच बसला होता. आईला भावाने बैलगाडीतून आणलं. ती चावडीच्या पायरीवरच बसली, गालावर पदर, अंग थरथरत होतं. गोळी सोडल्यापासून तिला घाम यायचा आणि हाडं ठणकायची. ती उठून चालेल असं मला वाटलं नव्हतं.

इन्स्पेक्टरांनी जुना जबाब वाचून दाखवला आणि वडिलांना विचारलं, हा तुमचाच ना?

वडिलांनी पटका काढून हातात घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, परत डोक्याला गुंडाळला आणि बोलले.

"माजाच हाय, साहेब. पर खोटा हाय. हिला सवय न्हाई. हिचा गाल दुखत हुता. लौकर मिळावी म्हनून म्या सवय सांगितली."

पाटील पुटपुटले, की याने सांगितलं त्यावर आपण सही केली, आपल्याला घरातलं काय ठाऊक. खांबाजवळचा म्हातारा म्हणाला, मीच सांगितलं हुतं बरं का त्याला, आणि कुणीतरी त्याला गप्प बसवलं.

"खोट्या जबाबाला शिक्षा आहे, माहीत आहे?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"आसंल ती द्या. तिचं नाव तेवढं काढा."

इन्स्पेक्टरांनी लेखणी खाली ठेवली. नवऱ्याच्या एका शब्दावर लिहिलं तेव्हा चुकलं, आता दुसऱ्या शब्दावर कसं खोडू, असं ते म्हणाले आणि पायरीकडे वळले. आवाज जरा खाली आणून त्यांनी आईला विचारलं, बाई, या दुखण्याच्या आधी अफू कधीच घेतली नव्हती?

आईने पदर बाजूला केला. दाखवायला नव्हे, पदराआडून तिचे शब्द कळत नसत म्हणून. पुढचे दोन-चार लोक मात्र मागे सरकले.

"घेतली न्हाई. दिली हुती," ती म्हणाली. "लेकीला. ती उठली न्हाई. तवापासनं माज्या घरात अफू न्हाई. ह्या गालानं आनली." ती थांबली, श्वास घेतला. "सवय लिवायचीच आसंल तर मिशरीची लिवा. ती खरी हाय."

कुणीतरी हसलं, आणि हसून झाल्यावर त्याला ओशाळल्यासारखं झालं. बायांच्या घोळक्यातून शेजारची म्हातारी पुढे आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "व्हय साहेब. झोळीतनं पोरीला म्याच काढली. डबी पाटात टाकताना समद्या बायांनी बगितलं. पाटलाच्या घरातल्या बी हुत्या की तिथं." पाटील सतरंजीची कड बघू लागले.

इन्स्पेक्टरांनी लेखणी पुन्हा उचलली. मग त्यांनी दोघांचे नवे जबाब घेतले, म्हातारीचा घेतला, आणि पाटलांची सही परत घेतली, या खेपेला वाचून दाखवून. वडिलांना आणि पाटलांना त्यांनी ताकीद दिली आणि ती लिहून ठेवली. सवयीचा परवाना त्यांनी तिथेच आडव्या रेघा मारून रद्द केला. डॉक्टरांचा दाखला घेऊन दुसऱ्या दिवशी मला कचेरीत बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी एका शब्दाने न अडवता औषधाचा परवाना हातात दिला. मी त्यांचे आभार मानले तर म्हणाले, आभार वडिलांचे माना. त्यांच्याऐवजी तुम्ही बोलला असता तर मी ऐकलं नसतं. मला ते तेव्हा टोचलं. पण खरं होतं.

घरी आलो तर आई अंगणात माझी वाट बघत बसली होती. "वाच," म्हणाली.

मी वाचलं: मुखाच्या कर्करोगाच्या वेदनेसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

तिने मान हलवली. वडिलांनी गोळी पुढे केली, अख्खी. तिने ती त्यांच्या हातून घेतली आणि पाण्याबरोबर गिळली. संध्याकाळी त्यांच्यासाठी भाकरी थापायला ती चुलीपाशी बसली आणि आम्ही नको म्हटलं तरी भाकरी होईपर्यंत उठली नाही.

वडिलांची भीती अगदीच खोटी नव्हती. पुढच्याच पाळीला चारीवरचा एक भांडखोर बागायतदार कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी तिथेच होतो.

"काय पाटकरी," तो म्हणाला, "चावडीत खोटं बोललो म्हनलास. मग माजी पाळी संपली हे तरी खरं का?"

वडील दाराची साखळी सोडत होते. "चावडीत खरं बोललो म्हनून तू इच्यारतूस," ते न वळता म्हणाले. "खोटंच रेटलं आसतं तर इच्यारलं आसतंस का? मोड बांध."

त्याने बडबडत बांध मोडला. त्या उन्हाळ्यात आमच्या चारीवर भांडणं झाली ती नेहमीइतकीच झाली.

त्यानंतर माझ्याकडे परवान्यांसाठी माणसं येऊ लागली. आपल्याकडे एकाचं काम झालं की त्याच्या अंगणात रांग लागते. ज्याला खरं दुखणं होतं त्याला मी नगरचा रस्ता दाखवला आणि अर्ज लिहून दिला. ज्यांना फक्त माल कमी व्हायला नको होता त्यांनाही दुखणाऱ्यांत बसायचं होतं. त्यांना मी सरळ परत पाठवलं. तो अफूबाज म्हातारा तर रोज नवं दुखणं घेऊन यायचा, आज गुडघा, उद्या पाठ. मी त्याला म्हणायचो, आजोबा, तुमचा परवाना बरोबर आहे. तो शिव्या द्यायचा आणि तंबाखू मागायचा. त्याचा माल ठरल्याप्रमाणे कमी होत गेला आणि तो काही त्याने मेला नाही.

माझा निकाल वर्तमानपत्रात आला. पुणतांब्याच्या एका शिक्षकांनी तो स्टेशनवर वाचला आणि पेपर घेऊन चालत आमच्या घरी आले. आईला तेव्हा पातळ पेजेशिवाय काही जात नव्हतं, पण तिने गूळ आणवला आणि स्वतःच्या हाताने वाटला. पाटलांच्या घरीसुद्धा पाठवला. एका बाईने चेष्टेने विचारलं, पोरगा बी.ए. झाला म्हंजी काय झाला? आई म्हणाली, "लिव्हलेलं वाचतो. आन चुकलेलं खोडून आनतो."

डॉक्टरांनी लिहिलं होतं त्याप्रमाणे गोळी वाढवत नेली. मी दोनदा नगरला जाऊन दाखला नवा करून आणला, दोन्ही वेळा कचेरीने ठरल्या दिवशी माल दिला. ती दिवसाचा बराचसा वेळ झोपायची, जागी असली की आम्हाला ओळखायची, आणि दुखतं का विचारलं तर बोटाच्या पेरावर 'एवढंसं' दाखवायची. थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी, ऊन अंगणात उतरलेलं असताना, ती वडिलांच्या मांडीवर गेली.

आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या वर्षी झाला. आणि माझी आई शेवटपर्यंत पुरेसं औषध घेत, न ओरडता, स्वतःच्या अंगणात गेली. सरकारच्या दप्तरात तिच्या नावापुढे जे खरं होतं तेच लिहिलेलं होतं.